अमिबाच्या पोटातला पेइंग गेस्ट

शाळेत विज्ञानाच्या पेपरात हमखास मार्क मिळवून देणारी आकृती कुठली? अमिबा! फुलाच्या उभ्या छेदात काहीतरी राहून जायचं, हृदयाच्या आकृतीत डावं-उजवं उलटं व्हायचं, पण अमिबा कधी म्हणजे कधीच चुकायचा नाही. वेडीवाकडी रेघ फिरवा, मध्ये एक ठिपका काढा, बाण दाखवून 'केंद्रक' लिहा, मार्क खिशात! ज्याला स्वतःचा असा आकारच नाही, त्याचा आकार चुकणार कसा?

त्याच धड्यात हा प्राणी जेवतो कसा तेही होतं. छद्मपाद पसरायचे, अन्नकणाला चारी बाजूंनी मिठी मारायची, आत घ्यायचं आणि पचवून टाकायचं. हा अन्नकण म्हणजे बहुतेक वेळा एखादा बॅक्टेरिया. संपला धडा, करा स्वाध्याय.

पण बॉस, खरी स्टोरी तिथूनच सुरू होते. कारण गिळलेले सगळेच बॅक्टेरिया पचत नाहीत. काही जण आत जाऊन चक्क मुक्काम ठोकतात. घरमालकाचंच खातात, पोरंबाळं वाढवतात आणि जागा अपुरी पडायला लागली की घरमालकालाच फोडून बाहेर पडतात. पुण्या-मुंबईत पीजी म्हणून राहिलेल्यांनी आपापल्या घरमालकांबद्दल मनात बरंच काही आणलं असेल, पण इतकं नक्कीच नाही!

आता तुम्ही म्हणाल, डबक्यातल्या भानगडीत आपल्याला काय इंटरेस्ट? आहे. कारण ही भानगड डबक्यात राहिलेली नाही. ऑफिसच्या गच्चीवर, हॉटेलच्या शॉवरमध्ये आणि वेळ वाईट असेल तर आपल्या छातीतही ती घडते.

फिलाडेल्फियाचं कोडं

जुलै १९७६. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली म्हणून फिलाडेल्फिया शहर नटलेलं. तिथल्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड या जुन्या, दिमाखदार हॉटेलात 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं, २१ ते २४ जुलै. भाषणं झाली, जेवणावळी झाल्या, जुने दोस्त गळ्यात पडले, मंडळी घरी परतली. आणि आठवड्याभरात फोन खणखणायला लागले. याला ताप, त्याला न्यूमोनिया, तो तर गेलासुद्धा! एकूण २२१ जण आजारी पडले आणि ३४ दगावले. गंमत म्हणजे (गंमत कसली, भीतीच) त्यातले काही अधिवेशनाला आलेच नव्हते. ते फक्त हॉटेलसमोरच्या रस्त्यावरून गेले होते.

सगळे हवालदिल. कुणी म्हणे फ्लू, कुणी म्हणे विषप्रयोग, कुणी निकेल धातूवर संशय घेतला. गिऱ्हाईक तुटलं आणि नोव्हेंबरात हॉटेलला टाळं लागलं. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेतले जोसेफ मॅकडेड हे शास्त्रज्ञ त्या वर्षाच्या अखेरीस, सुट्टीच्या दिवसांत, आपल्या जुन्या काचपट्ट्या पुन्हा घेऊन बसले. उन्हाळ्यात त्यांना गिनीपिगच्या पेशींत दोन-चार काड्यांसारखे बॅक्टेरिया दिसले होते आणि 'बाहेरून आली असेल घाण' म्हणून ते बाजूला ठेवले गेले होते. तेच खरे गुन्हेगार निघाले! जानेवारी १९७७ मध्ये जाहीर झालं. सैनिकांच्या संघटनेवरून आजाराला नाव पडलं लीजनेअर्स डिसीज आणि बॅक्टेरियाला लीजिओनेला.

मग जपून ठेवलेले जुने नमुने बाहेर काढले गेले. वॉशिंग्टनच्या एका हॉस्पिटलमधली १९६५ची साथ, मिशिगनमधल्या पॉन्टिअ‍ॅक गावातली १९६८ची तापाची लाट... दोन्हीकडे हाच पठ्ठ्या! म्हणजे तो नवा नव्हता, आपली ओळख नवी होती.

पण एक गोष्ट काही केल्या जुळत नव्हती. लॅबमध्ये लीजिओनेलाचे नखरे पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीसारखे. नेहमीच्या पोषकद्रव्यावर हा उगवतच नाही. त्याला लोह लागतं, सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल लागतं, ते सगळं मनासारखं मिळालं तरच स्वारी खुलते. आणि निसर्गात मात्र तो सापडतो तळ्यांत, नद्यांत, नळाच्या पाण्यात! जिथे खायला जवळपास काहीच नाही, तिथे हा खवय्या जगतो कसा?

घरमालकाचं पोट

उत्तर मिळालं इंग्लंडमधल्या लीड्सला. तिथल्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेतले टिमोथी रोबॉथम यांनी १९८० मध्ये दाखवून दिलं की लीजिओनेला पाण्यात वाढत नाही, तो वाढतो पाण्यातल्या अमिबांच्या पोटात. अकांथअमिबा, नेग्लेरिया अशी या मंडळींची नावं. हे कुणाच्या शरीरावर अवलंबून नसतात. पाण्यात, मातीत, पाइपांच्या आतल्या बुळबुळीत थरात मजेत एकटे फिरतात आणि बॅक्टेरिया चरतात. म्हणून त्यांना मुक्तजीवी अमिबा म्हणायचं.

आत नेमकं काय होतं ते नंतरच्या वर्षांत उलगडत गेलं, आणि ते एखाद्या हाइस्ट सिनेमापेक्षा कमी नाही. अमिबा बॅक्टेरियाला गिळतो तेव्हा तो एका फुग्यात बंद होतो. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे या फुग्याला पाचकरसाची दुसरी पिशवी येऊन चिकटते आणि आतल्याचा खेळ खलास. लीजिओनेला काय करतो? आत शिरल्याशिरल्या आपल्याजवळच्या सुईसारख्या यंत्रणेतून अमिबाच्या पेशीत प्रथिनं टोचायला लागतो. थोडीथोडकी नाहीत, तीनशेहून अधिक प्रकारची! कुणी पाचकरसाच्या पिशवीला रोखून धरतं, कुणी पेशीच्या अंतर्गत वाहतुकीचा ट्रॅफिक हवालदार बनून मालाच्या गाड्या आपल्या फुग्याकडे वळवतं. बघता बघता फुग्यावर पेशीच्या स्वतःच्याच पडद्यांचं अस्तर चढतं. अमिबाला वाटतं, ही तर आपलीच एक खोली!

मग काय, एसी रूम, फुकट टिफिन आणि बाहेरच्या जगाशी संबंध नाही. आतल्या आत संख्या वाढत जाते. साधारण दिवस-दोन दिवसांत रसद संपत आली की यांचं रूप पालटतं. पोहायला शेपट्या फुटतात, अंगात टणकपणा येतो, आणि घरमालक फुटून सगळी टोळी पाण्यात. पुढच्या घराच्या शोधात.

२००४ मध्ये लीजिओनेलाचा अख्खा जनुकसंच वाचला गेला. तेव्हा त्यात काही जनुकं अशी सापडली, की जी बॅक्टेरियापेक्षा अमिबासारख्या प्रगत पेशींच्या जनुकांशी जास्त मिळतीजुळती आहेत. बहुधा पिढ्यानपिढ्या घरात राहून घरमालकाच्याच किल्ल्यांची डुप्लिकेट करून घेतली असावी.

त्याला वाटतो तोही अमिबाच

आता आपल्या छातीकडे येऊ. आपल्या फुप्फुसात अहोरात्र गस्त घालणाऱ्या काही पेशी असतात, मॅक्रोफेज नावाच्या. सरळ मराठीत भक्षक पेशी. श्वासातून धूळ, जंतू, काहीही आलं की या सरकत जातात, छद्मपाद पसरतात, मिठी मारतात, आत घेतात, पचवतात. ओळखीचं वाटतंय ना? डिट्टो अमिबा!

इथेच सगळा घोळ आहे. लीजिओनेला आपल्या वाटेला जायला निघालेलाच नसतो. पाण्याच्या बारीक तुषारांबरोबर तो श्वासात येतो, भक्षक पेशी त्याला गिळते, आणि अमिबाच्या पोटात पिढ्यानपिढ्या गिरवलेला धडा तो इथे जसाच्या तसा म्हणून दाखवतो. त्याच्या लेखी हा फक्त आणखी एक अमिबा. आपल्याशी त्याचं वैरही नाही आणि आपण मेलो तर त्याचा फायदाही नाही. उलट आपल्या फुप्फुसात आल्यावर त्याची वाट खुंटते, कारण तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही. २०१४ साली पोर्तुगालच्या साथीत तसं घडल्याचा एकच बहुधा-प्रकार नोंदला गेलाय, तेवढाच.

मला हे वाचलं तेव्हा जाम विचित्र वाटलं. आपण रोगजंतूंना नेहमी शत्रूच्या भूमिकेत बघतो. 'लढा', 'हल्ला', 'युद्ध' अशीच भाषा. आणि हा गडी तर पत्ता चुकून आपल्या दारात आलेला. पण पत्ता चुकलेल्या ट्रकखालीही माणूस मरतो, हेही तितकंच खरं.

आमच्या ऑफिसमधले एक सिनिअर असेच चुकलेल्या पत्त्याचे धनी झाले. वय बावन्न, सिगारेट रोजची, दहा दिवसांची बिझनेस टूर करून आलेले. चार दिवसांनी ताप, कोरडा खोकला, पोट बिघडलेलं. घरच्यांना सगळ्यात जास्त धास्ती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. साहेब असंबद्ध बोलायला लागले होते. बायकोला विचारत होते, 'मीटिंग किती वाजता ठेवलीय?' एक्स-रेत न्यूमोनिया दिसला, इंजेक्शनं सुरू झाली, तीन दिवस झाले तरी ताप हटेना. मग एका डॉक्टर मॅडमनी घरच्यांना दोनच प्रश्न विचारले. 'हे कुठे प्रवासाला गेले होते का? हॉटेलात उतरले होते का?' आणि लघवीची एक तपासणी करायला लावली. उत्तर आलं लीजिओनेला. औषध बदललं आणि दोन दिवसांत माणूस माणसात आला. हा पाहुणा त्यांना नेमका कुठे भेटला, ते मात्र कधीच कळलं नाही.

औषध का बदलावं लागलं, त्याचं कारण पुन्हा अमिबाच्या पोटात आहे. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं पेशीबाहेरच्या जंतूंना गाठतात, पेशीच्या आत दडी मारून बसलेल्यांपर्यंत ती धड पोचत नाहीत. त्यासाठी आत शिरू शकणारी औषधं लागतात, म्हणजे अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिनच्या कुळातली. (म्हणून उद्या खोकला आला की केमिस्टकडे धावू नका हं! हे काम डॉक्टरांचं.) आणि ती लघवीची तपासणीही लीजिओनेलाचा एकच मुख्य प्रकार पकडते. ती निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो, असं होत नाही. मुळात आपल्याकडे न्यूमोनिया झाला की लीजिओनेलाचा विचार फार कमी वेळा होतो. जे शोधलं जात नाही ते सापडत नाही, इतकं साधं गणित आहे.

तुमच्या-माझ्या वयाच्या धडधाकट माणसाला याचा धोका तसा कमी. जास्त धोका पन्नाशीपुढच्यांना, सिगारेट ओढणाऱ्यांना, डायबेटिस किंवा फुप्फुसाचे जुने दुखणे असलेल्यांना, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांना. थोडक्यात, आपल्या आई-बाबांना. आणि ते आपल्याच घरात, त्याच टाकीच्या पाण्याने अंघोळ करतात.

'क्लोरीन टाकतो ना आपण!'

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. पार्किंगवर पावणेदोन तास, गणपतीच्या वर्गणीवर अर्धा तास. शेवटी मी हात वर केला. 'काका, गच्चीवरची टाकी शेवटची कधी धुतली?' सेक्रेटरी काकांनी चष्मा वर केला. 'अरे, क्लोरीन टाकतो ना आपण! त्यात काय जगणार आहे?' सगळे हसले, चहा आला, सभा संपली.

काकांचं अर्धं बरोबर आहे. मोकळे बॅक्टेरिया क्लोरीनने मरतातच. पण आपला पेइंग गेस्ट मोकळा कुठे असतो? अमिबावर वाईट दिवस आले, पाणी आटलं, औषध पडलं, की तो स्वतःभोवती दुहेरी भिंत बांधून घेतो आणि गोळी होऊन पडून राहतो. याला म्हणतात पुटी, इंग्रजीतली सिस्ट. घरमालक बंकरमध्ये, म्हणजे पेइंग गेस्टही बंकरमध्ये! १९९० साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा पुट्यांमधला लीजिओनेला लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या पाण्यातही जिवंत राहिला. आपल्या नळाच्या पाण्यात किती असावा? भारतीय मानकाप्रमाणे किमान ०.२ मिलिग्रॅम. म्हणजे अडीचशे पट क्लोरीन पचवून हा गडी टवटवीत!

म्हणून नुसतं औषध टाकून भागत नाही. अमिबाचं कुरणच काढून टाकावं लागतं. टाकीच्या आतल्या भिंतीवर बोट फिरवलं की जो बुळबुळीत थर लागतो ना, तेच ते कुरण. तो घासूनच काढावा लागतो.

दुसरा मुद्दा तापमानाचा. लीजिओनेलाची खरी चंगळ साधारण २५ ते ४५ अंश सेल्सिअसमध्ये. २० च्या खाली तो नुसता पडून राहतो, ६० च्या वर मरतो. युरोप-अमेरिकेतला नियम म्हणून सोपा आहे. गार पाणी गारच ठेवा, गरम पाणी खरंच गरम ठेवा. आता आपल्या मुंबईत बघा. 'गार' म्हणून नळाला येतं ते पाणी वर्षातले बहुतेक महिने त्याच्या पसंतीच्या पट्ट्यात! मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी तर गीझर न लावता अंघोळीला चालतं. आणि गीझर? वीजबिल वाचवायचं म्हणून आपण तो कोमट ठेवतो. म्हणजे पाहुण्याला गार खोलीही मनासारखी आणि गरम खोलीही.

तिसरा मुद्दा, साचलेलं पाणी. २०२० च्या लॉकडाउनमध्ये जगभरची ऑफिसं महिनोन्‌महिने बंद होती. पाइपांमधलं पाणी जागच्या जागी, क्लोरीन उडून गेलेला, अमिबांना रान मोकळं. त्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत अटलांटातल्या काही भाड्याच्या ऑफिस इमारतींच्या पाण्यात लीजिओनेला सापडला आणि त्या बंद कराव्या लागल्या. तिथे भाडेकरू कोण होतं माहितीय? सीडीसी! ज्या संस्थेने हा बॅक्टेरिया शोधून काढला, तिच्याच नळात तो येऊन बसला होता.

एसीला फुकट बदनाम करू नका

इथे एक गैरसमज दूर करूया. 'ऑफिसचा एसी बाधला' हे वाक्य आपण उठता-बसता ऐकतो. पण घरातला स्प्लिट किंवा खिडकीतला एसी या गुन्ह्यात सहसा नसतो. संशयित असतो तो मोठ्या इमारतींच्या गच्चीवरचा कूलिंग टॉवर. मॉल, हॉटेलं, हॉस्पिटलं, आयटी पार्क यांच्या सेंट्रल एसीची उष्णता बाहेर टाकण्यासाठी तिथे कोमट पाण्याचा धबधबा चालू असतो आणि त्यावरून पंखा हवा खेचतो. गच्चीवरून जो पांढरा धुरकट झोत उठताना दिसतो, त्यात बारीक तुषारही असतात. टॉवरची निगा राखली तर काही बिघडत नाही. नाही राखली तर तोच झोत गल्लीभर पाहुणे वाटत सुटतो. फिलाडेल्फियाच्या रस्त्यावरून नुसते चालत गेलेले लोक आठवतात? २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एका हॉटेलच्या कूलिंग टॉवरमुळे १३८ जण आजारी पडले, १६ दगावले. त्यानंतर त्या शहराने कायदाच केला. प्रत्येक कूलिंग टॉवरची नोंदणी करा, त्याचं पाणी नियमित तपासा.

आणि स्पा-जकुझीवाल्यांनो, तुम्हीही कान द्या. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेल गावात फुलांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे एका कोपऱ्यात बुडबुड्यांचा गरम पाण्याचा टब नुसता विक्रीसाठी चालू करून ठेवलेला. त्यात कुणी उतरलंही नाही. लोक आपले ट्युलिप बघत बघत शेजारून गेले. जवळजवळ दोनशे जण आजारी पडले, वीसहून अधिक मेले.

बाकीचे भाडेकरू

या धर्मशाळेत लीजिओनेला एकटाच उतरत नाही. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा जंतू अकांथअमिबाच्या आत जगतो, वाढतो, हे लॅबमध्ये दिसलंय. क्षयाच्या जंतूचा चुलतभाऊ मायकोबॅक्टेरियम एव्हियमही इथला नेहमीचा गिऱ्हाईक. १९९२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला न्यूमोनियाच्या साथीत एका कूलिंग टॉवरमधल्या अमिबात एक गोलमटोल 'बॅक्टेरिया' सापडला होता. दहा-अकरा वर्षं तो कुणालाच ओळखू येईना. २००३ मध्ये फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी उलगडा केला. तो बॅक्टेरिया नव्हताच, प्रचंड आकाराचा व्हायरस होता! बॅक्टेरियाची नक्कल करतो म्हणून त्याचं नाव ठेवलं मिमीव्हायरस.

कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांसाठी तर ही स्टोरी नाकासमोर, नव्हे डोळ्यासमोरच आहे. नळाच्या पाण्याने लेन्स किंवा तिची डबी धुतली की अकांथअमिबा थेट बुबुळावर पोचू शकतो. त्याचं इन्फेक्शन भयंकर दुखतं, बरं व्हायला महिने लागतात आणि दृष्टीही जाऊ शकते. २०१० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांच्या डोळ्यांतून काढलेले अमिबा तपासले, तर निम्म्याहून जास्त अमिबांच्या पोटात बॅक्टेरिया मुक्कामाला होते. म्हणजे एकावर एक फ्री!

आणि एक अजब किस्सा. १९६६ मध्ये अमेरिकेत क्वांग जिऑन या शास्त्रज्ञाच्या लॅबमधल्या अमिबांना अचानक एका बॅक्टेरियाने गाठलं. बहुतेक अमिबा मेले, थोडे तगले. जिऑननी तगलेल्यांना नेटाने सांभाळलं. काही वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, की या अमिबांना आता त्या बॅक्टेरियाशिवाय जगताच येत नाहीये. जीव घ्यायला आलेला पेइंग गेस्ट घरजावई झाला होता! पुढे कळलं की तोही लीजिओनेलाच्याच गोतावळ्यातला. त्याचं नाव आता जिऑन यांच्यावरूनच पडलंय.

केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये अमिबामुळे मेंदूज्वराचे रुग्ण आढळले, ते मात्र प्रकरण वेगळं. तिथे अमिबा स्वतःच गुन्हेगार असतो. त्यातला सगळ्यात कुप्रसिद्ध प्रकार म्हणजे नेग्लेरिया, जो नाकात गेलेल्या पाण्यातून मेंदूपर्यंत पोचतो. दोन्हीची गल्लत नको. पण दोन्हीकडचा धडा एकच आहे. कोमट, साचलेलं, निगा न राखलेलं पाणी.

मग करायचं काय?

टेन्शन घेऊन अंघोळ बंद करू नका! पाणी पिऊन हा आजार सहसा होत नाही, तुषार श्वासात गेल्याने होतो. तेव्हा सिंपल फंडे.

आठ-पंधरा दिवस घर बंद होतं? गोव्याहून आल्या आल्या शॉवरखाली उभे राहू नका. सगळे नळ आणि शॉवर काही मिनिटं वाहू द्या, शॉवरचं तोंड बादलीत धरा म्हणजे तुषार उडणार नाहीत. ते पाणी झाडांच्या बुंध्याशी घाला, वाया जायला नको. शॉवरची जाळी दर दोन-तीन महिन्यांनी काढून घासा. साठवणीचा गीझर असेल तर तो ६० अंशांवर ठेवा आणि वापरताना गार पाणी मिसळा. घरात लहान मुलं असतील तर चटक्याची काळजी घ्या. लेन्सला नळाचं पाणी लावू नका, नो म्हणजे नो. घरातल्या कुणाला प्रवासानंतर दोन आठवड्यांच्या आत ताप-खोकला आला, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता 'हॉटेलात राहून आलेत' हे सांगून टाका. त्या एका वाक्याने औषध बदलू शकतं.

आणि राहिलं ते सगळ्यात अवघड काम. टाकी सगळ्यांची असते, म्हणून ती कुणाचीच नसते. कूलिंग टॉवर बिल्डरचा की भाडेकरू कंपनीचा की फॅसिलिटीवाल्या एजन्सीचा, यावर फायली फिरत राहतात. अमिबाला तेवढा वेळ पुरतो. त्याला काही कुणाची सही लागत नाही.

तेव्हा या सोमवारी एक करा. अप्रेझलचे, लीव्हचे, टॅक्सी बिलांचे शंभर मेल आपण अ‍ॅडमिनला टाकतोच, त्यात एक जास्तीचा. 'आपल्या इमारतीचा कूलिंग टॉवर आणि पाण्याची टाकी शेवटची कधी साफ झाली? कृपया तारीख कळवा.' बस, एवढंच. 'नियमित करतो' असं उत्तर आलं तर गोड भाषेत पुन्हा विचारा, तारीख कुठली?

आमच्या सोसायटीची सभा पुढच्या रविवारी आहे. या वेळी मी पार्किंगच्या आधी हात वर करणार आहे.